वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार करायची आहे? आधी केस वाचवा, मग सनदेचं बघा

अशी मंडळी येतात तेव्हा हातात बहुतेक वेळा प्लास्टिकची पिशवी असते. पिशवीत सात-आठ वर्षांचे कागद, पावत्यांचे तुकडे, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या मागे पेनाने लिहिलेल्या तारखा. पहिलं वाक्यही ठरलेलं: "साहेब, त्या वकिलाची सनद घालवायची आहे." मी विचारतो, "तुमच्या केसची पुढची तारीख कधी?" निम्म्याहून अधिक लोकांना ती सांगता येत नाही.

हा लेख त्या प्रश्नापासूनच सुरू करतो. अधिवक्ता अधिनियम, १९६१ या कायद्याखाली वकिलावर शिस्तभंगाची कारवाई होते, आणि ती एवढंच ठरवते की हा माणूस वकिली करायला लायक आहे की नाही. तुमची जमीन कुणाची, गेलेला निकाल फिरणार का, फी परत मिळणार का, यातलं काहीही तिथे ठरत नाही. सनद रद्द झाली तरी तुमचा निकाली निघालेला दावा आपोआप जिवंत होत नाही. लोक दोन वर्षं बार कौन्सिलच्या फेऱ्या मारतात आणि तेवढ्यात मूळ केसमध्ये अपिलाची मुदत निघून जाते.

केस स्वतःच्या हातात घ्या

मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप किंवा संकेतस्थळ उघडा. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो नसेल तर पक्षकाराच्या नावावरून शोध घेता येतो. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. मागच्या तारखांना काय झालं, पुढची तारीख कोणती, केस निकाली निघाली का, हे तिथे दिसतं. मग कोर्टात जाऊन रोजनाम्याच्या नकलेसाठी अर्ज करा. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला काय घडलं याची कोर्टाने स्वतः ठेवलेली नोंद. "मी प्रत्येक तारखेला हजर होतो" असं वकील म्हणत असतील आणि रोजनाम्यात सलग चार तारखांना गैरहजेरी असेल, तर पुढच्या तक्रारीतला सगळ्यात जड कागद तुमच्या हातात आलाच.

दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला असेल, तर तो पुन्हा दाखल करून घेण्याच्या अर्जाची मुदत ३० दिवसांची आहे. तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून घेण्यासाठीही ३० दिवसच. समन्स नीट बजावलंच नसेल, तर हे दिवस तुम्हाला हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. दिवाणी अपील जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांत करायचं असतं. मुदत उलटली असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो, पण "वकिलांनी सांगितलंच नाही" एवढं एक वाक्य त्याला पुरत नाही. तुम्हाला कधी कळलं, कसं कळलं आणि त्यानंतर तुम्ही काय केलं, ते तारखांनिशी मांडावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलं होतं की, वकील नेमून आपल्या बाजूने सगळं केलेल्या पक्षकाराला वकिलाच्या चुकीची शिक्षा भोगायला लावू नये. हा निकाल नव्या वकिलांच्या कानावर घाला. मात्र त्याच्या भरवशावर घरी बसू नका. पक्षकारानेही चौकशी ठेवायची असते, असं कोर्टं हल्ली पुष्कळदा सुनावतात.

मग येतो वकील बदलण्याचा प्रश्न. जुन्या वकिलांनी "ना हरकत" दिली नाही म्हणून वर्षानुवर्षं अडकलेले लोक मी पाहिलेत. नव्या वकिलाने जुन्याची संमती घ्यावी हा बार कौन्सिलचा शिष्टाचाराचा नियम आहे. संमती मिळत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून परवानगी घ्यायची, असं तोच नियम पुढे सांगतो. दिवाणी केसमध्ये दिलेलं वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीने, लेखी सहीनिशी, पक्षकार केव्हाही संपुष्टात आणू शकतो. एका अर्जाचं काम आहे ते.

फाईल अडवून ठेवली असेल तर? "आधी राहिलेली फी द्या, मग कागद" हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की पक्षकारालाही ते रास्त वाटायला लागतं. कायद्याला ते मान्य नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही आणि मागूनही ते न देणं हे गैरवर्तन आहे. फी वसूल करायची असेल तर वकिलाने त्याचा दावा लावावा. तो निकाल एका बँकेच्या वकिलांचा होता. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना अठरा महिन्यांसाठी निलंबित केलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा ताकिदीवर आणली. तेव्हा कागद अडवले म्हणून सनद जाईलच, अशी आशा धरू नका. कागद मात्र परत मिळायलाच हवेत. तोवर कोर्टात दाखल झालेल्या कागदांच्या नकला घ्या, नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांकडून काढा, सातबारा तर ऑनलाइन मिळतो. मूळ कागदांसाठी भांडण चालू ठेवा, पण केस त्यासाठी थांबवू नका.

राग कशाचा आहे ते नीट ओळखा

हा भाग शांत डोक्याने वाचा. बहुतेक तक्रारी इथेच गळतात.

केस हरणं म्हणजे गैरवर्तन नव्हे. फी जास्त घेतली, फोन उचलत नाहीत, तुसडेपणाने बोलतात, ज्युनिअरला पाठवतात, यावरही सहसा सनदेला धक्का लागत नाही. चुकीचा सल्ला दिला तरीही नाही. पी. डी. खांडेकर विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चुकलेला सल्ला आणि अयोग्य सल्ला यांत जमीन-अस्मानाचा फरक केला. कायदा समजण्यात चूक झाली तर ती चूक. खोटा कागद करा, खोटी साक्ष द्या, असं सांगितलं तर तो अयोग्य सल्ला. नुसत्या निष्काळजीपणामागे नैतिक खोट नसेल तर ते व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाही, असंही त्याच निकालात आहे. पक्षकाराला हे पचत नाही, मलाही कधीकधी पचत नाही, पण तक्रार लिहायची ती हे धरूनच.

ठरतं ते काय? पैशाचा विषय सगळ्यात वर. तुमच्या वतीने कोर्टातून काढलेली भरपाई किंवा हुकूमनाम्याची रक्कम वकिलाने स्वतःकडे ठेवणं, याला बार कौन्सिलच्या शिस्तपालन समित्या आणि न्यायालयं क्वचितच माफ करतात. पक्षकाराची अशी रक्कम न दिल्याबद्दल जे. एस. जाधव विरुद्ध मुस्तफा हाजी मोहम्मद युसूफ या १९९३ च्या प्रकरणात वकिलाचं नाव बार कौन्सिलच्या वकिलांच्या यादीतून कायमचं काढलं गेलं. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणं आणि रक्कम आली की लवकरात लवकर कळवणं हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांमध्येच लिहिलेलं आहे. भूसंपादन आणि मोटार अपघाताच्या दाव्यांमध्ये "मिळेल त्यातले इतके टक्के माझे" असा करार करणंसुद्धा नियमाने मना आहे. तालुक्याच्या कोर्टात असे करार सर्रास होतात आणि पक्षकार खुशीने होतात, हेही खरं. पण मग तक्रार करताना तो करार तुम्हीही केला होता, हे समितीपुढे येणारच.

त्याखेरीज: एकदा तुमची केस पाहून, कैफियत लिहून नंतर त्याच वादात समोरच्याची बाजू घेणं. तुम्ही विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडणं. न झालेला आदेश झाला म्हणून बनावट कागद हातात देणं. तुमच्या संमतीशिवाय तडजोडीच्या पुरसिसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करणं. वादातली मिळकत कोर्टाच्या लिलावात स्वतः किंवा दुसऱ्याच्या नावावर घेणं. फी घेऊन दावाच दाखल न करणं आणि वर्षभर तारखा सांगत राहणं. या शेवटच्या प्रकारात निष्काळजीपणा संपतो आणि फसवणूक सुरू होते. सीएनआर क्रमांक मागितला की "देतो, देतो" असं ऐकू यायला लागलं, तर कान टवकारा.

अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये शब्द आहेत "व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तन". त्यातल्या "अन्य" मध्ये कोर्टाबाहेरची वागणूकही येते. हिकमत अली खान विरुद्ध ईश्वर प्रसाद आर्य या १९९७ च्या निकालात खुनाच्या प्रयत्नासाठी शिक्षा झालेल्या वकिलाचं नाव यादीतून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. शिवाय प्रत्येक वेळी तक्रारदार लागतोच असंही नाही. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कागद ओढणाऱ्या वकिलांबद्दल बार कौन्सिलने स्वतःहून कारवाई केली होती. सत्तरच्या दशकातलं दाभोळकर प्रकरण ते हेच.

समोरच्या पक्षाच्या वकिलावर राग असेल तर मात्र दोनदा विचार करा. "त्यांनी खोटं प्रतिज्ञापत्र करून घेतलं", "त्यांनी मला कोर्टात नाही नाही ते विचारलं" अशा तक्रारी खूप येतात. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं की, व्यावसायिक गैरवर्तनाच्या तक्रारीसाठी तक्रारदार आणि वकील यांच्यात सहसा कायदेशीर नातं असायला हवं. विरुद्ध पक्षाने केलेली ती तक्रार नीट न तपासता पुढे पाठवली म्हणून कौन्सिललाच ५०,००० रुपये खर्च भरायला लावला. उलट तपासणीत बोचरे प्रश्न विचारणं हे समोरच्या वकिलाचं कामच आहे.

पैसे हवे असतील तर दार वेगळं

"ग्राहक मंचात जाऊ का?" हा प्रश्न हमखास येतो. आता नाही. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या निकालात वकिलांच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायद्यातून बाहेर ठेवलं. जुने लेख, जुने व्हिडिओ अजून उलटं सांगत फिरताहेत, त्यांच्या नादी लागू नका.

निष्काळजीपणाने नुकसान झालं असेल तर भरपाईचा दिवाणी दावा करता येतो. फारसा कुणी न वाचलेला एक कायदा इथे कामाला येतो, लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) ॲक्ट, १९२६. केवळ वकील आहे म्हणून निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटका नाही, असं त्याचं कलम ५ सांगतं. रक्कम हडपली किंवा बनावट आदेश दिला असेल तर तो गुन्हाही आहे. १ जुलै २०२४ नंतरच्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ (विश्वासघात) किंवा ३१८ (फसवणूक) लागतं, आधीच्यांना जुना भारतीय दंड विधान. पोलिसांकडची फिर्याद आणि बार कौन्सिलची तक्रार दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. फक्त दोन्हीकडे हकीगत एकच असू द्या. तारखेत आठ दिवसांचा फरक पडला तरी उलट तपासणीत तोच दाखवला जातो.

आधी एक साधं पत्र

कायद्याने नोटीस सक्तीची नाही, पण मी नेहमी पाठवायला सांगतो. एका पानात: माझी फाईल परत द्या, अमुक तारखेला काढलेल्या रकमेचा हिशेब द्या, केसचा क्रमांक आणि सद्यःस्थिती कळवा, पंधरा दिवसांत. स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा, तेच पत्र व्हॉट्सॲपवरही टाका. निम्मे वाद या पत्रावर मिटतात. उरलेल्यांत वकिलांचं उत्तर किंवा त्यांचं मौन, दोन्ही तुमच्या कामाचं.

त्या पत्रात "इतके लाख द्या, नाहीतर सनद घालवतो" असलं काही लिहू नका. असं पत्र समितीसमोर आलं की तक्रारदार न्याय मागायला आलाय की सौदा करायला, अशी शंका येते. आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वकिलांचं नाव घेऊन लिहिण्याची खुमखुमी आवरा. अब्रुनुकसानीची फिर्याद मागे लागली की तुमचीच तारीख सुरू होते.

कुणाकडे जायचं

तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा वकील संघ म्हणजे बार कौन्सिल नव्हे. संघाच्या अध्यक्षांकडे गेलात तर ते मध्यस्थी करतील, चहा पाजतील, सनदेला हात लावू शकणार नाहीत. तो अधिकार राज्याच्या बार कौन्सिलला. आपल्याकडे ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. कार्यालय मुंबईत, आणि दादरा-नगर हवेली, दमण-दीव हेही तिच्याच कक्षेत.

वकील कुठे प्रॅक्टिस करतात यापेक्षा त्यांचं नाव कोणत्या राज्याच्या यादीत आहे, हे महत्त्वाचं. वकीलपत्रावर सनद क्रमांक असतो. महाराष्ट्राच्या यादीतला असेल तर आधी एमएएच ही अक्षरं, मग आकडा, मग वर्ष. सांगलीत बसणाऱ्या वकिलांची सनद कर्नाटकची असेल तर तक्रार कर्नाटकच्या कौन्सिलकडे. आणि असा क्रमांक कुठल्याच यादीत सापडला नाही, तर तो वकीलच नव्हे. मग बार कौन्सिलची शिस्त त्याला लागू होत नाही, पोलीस ठाणं गाठा. सनदेशिवाय कोर्टात वकिली करणं हा सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

वकील विधी सेवा प्राधिकरणाने मोफत नेमून दिलेले असतील, तर आधी त्या जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. वकील बदलून मिळण्याचा तो सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

तक्रार लिहिताना

तक्रार अर्जाच्या स्वरूपात, सहीनिशी आणि सत्यापनासह द्यावी लागते. सत्यापन म्हणजे शेवटी लिहून द्यायचं, की अमुक परिच्छेद माझ्या स्वतःच्या माहितीचे आहेत, अमुक मिळालेल्या माहितीवर आधारलेले आहेत, आणि खाली ठिकाण, तारीख, सही. सोबत प्रतिज्ञापत्र करा. मराठीत लिहिलेली तक्रार चालते. ती राज्यभाषा आहे, आणि प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेलं तर इंग्रजी भाषांतर करून देणं हे राज्य कौन्सिलचं काम. मोडक्या इंग्रजीत लिहिण्यापेक्षा स्वच्छ मराठीत लिहा. शुल्क किती आणि प्रती किती लागतात ते कार्यालयात विचारून मगच टपालात टाका, नाहीतर त्रुटीचं पत्र येतं आणि दोन महिने जातात.

आता मजकूर. लोक असं लिहून आणतात: "सदर वकिलांनी विरुद्ध पक्षाशी संगनमत करून माझा विश्वासघात केला असून माझ्या कुटुंबाचे अतोनात नुकसान केले आहे." यात समितीला तपासता येईल असं काय आहे? काहीच नाही. तीच गोष्ट अशी लिहा: "१२ मार्चच्या आदेशाने माझ्या नावे जमा असलेली भरपाईची रक्कम काढण्यास परवानगी मिळाली (सोबतचा कागद १). २ एप्रिलला ती रक्कम वकिलांच्या खात्यात जमा झाली (कागद २). ९ एप्रिलला मी विचारले असता 'अजून आदेश झालेला नाही' असा संदेश त्यांनी मला पाठवला (कागद ३)." इथे विशेषण एकही नाही आणि आरोप पूर्ण झाला. प्रत्येक वाक्याला कागद नसेल तर ते वाक्य ठेवायचं का, याचा विचार करा. "संगनमत" हा शब्द तर पुरावा असल्याशिवाय लिहूच नका. तो सिद्ध झाला नाही की उरलेली खरी तक्रारही पातळ होते.

दहा आरोपांपेक्षा दोन पक्के बरे. वकिलांनी तारखा बुडवल्या, उद्धट बोलले, फीची पावती दिली नाही आणि भरपाईची रक्कम ठेवून घेतली, असं असेल तर रकमेपासून सुरुवात करा आणि बाकीचं पार्श्वभूमी म्हणून दोन ओळींत संपवा.

फी रोख दिली आणि पावती नाही, ही सार्वत्रिक अडचण. बँकेतून त्याच दिवशी काढलेल्या रकमेची नोंद, सोबत असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र, "पन्नास मिळाले" असा वकिलांचा संदेश, यातलं जे असेल ते लावा. व्हॉट्सॲपच्या संवादाच्या छापील प्रती देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा आणि मूळ फोन विकू नका, बदलू नका. चाळीस स्क्रीनशॉटच्या गठ्ठ्यापेक्षा तारखेनुसार लावलेले सहा पुरतात. तक्रारीच्या वर एक पानाचा घटनाक्रम लावा. समितीचे सदस्य स्वतःची वकिली सांभाळून ही कामं करतात, पहिलं पान वाचून त्यांना गोष्ट कळली तर तुमचाच फायदा.

पाठवल्यानंतर

तक्रार आली की ती थेट समितीकडे जात नाही. कौन्सिल आधी तुमच्याकडून जास्तीचा तपशील मागू शकते, वकिलांचं म्हणणंही मागवू शकते. गैरवर्तन झालं असावं असं मानायला कारण आहे, असं वाटलं तरच प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवायचं असतं. या टप्प्यावर मेंदू वापरणं कौन्सिलवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने नंदलाल बारोट प्रकरणात बजावलं आहे. इथेच तक्रार फेटाळली गेली तर कलम ४८-अ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पुनरीक्षण (निर्णयाची फेरतपासणी) मागता येतं.

समिती तिघांची. दोन सदस्य कौन्सिलने आपल्यातून निवडलेले, तिसरा बाहेरचा अनुभवी वकील. "म्हणजे वकिलांचा न्याय वकीलच करणार?" हो, पहिल्या दोन पायऱ्यांवर तेच करणार. ही शंका मला चुकीची वाटत नाही. पण पैसे लुबाडणाऱ्या सहकाऱ्याबद्दल वकिलांइतकी चीड इतर कुणाला नसते, हेही मी जवळून पाहिलंय. त्यांना कोर्टातल्या सबबी तोंडपाठ असतात.

समिती वकिलांना आणि राज्याच्या महाधिवक्त्यांना नोटीस काढते. साक्षीदाराला समन्स काढणं, शपथेवर जबाब घेणं, कागद मागवणं यासाठी तिला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. सर्वसाधारणपणे कागद आणि प्रतिज्ञापत्रांवर निर्णय होतो. गरज वाटली तर उलट तपासणी होते. ती झाली तर समोर बसलेले वकील तुमच्यापेक्षा शंभरपट सराईत आहेत हे ध्यानात ठेवा, आणि आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. तुम्ही स्वतः उभे राहू शकता किंवा वकील देऊ शकता. स्थानिक वकील "आपल्याच माणसाविरुद्ध" उभे राहायला कचरतात, तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातला शोधा.

नोटीस मिळूनही गैरहजर राहिलात तर समिती एकतर्फी पुढे जाऊ शकते. आणि मध्येच समेट झाला, पैसे मिळाले, तक्रार मागे घ्यायची आहे, असं झालं तर? फक्त तेवढ्या कारणावरून प्रकरण बंद करता येत नाही, असा नियम आहे. तक्रार एकदा दिली की ती तुमची खासगी राहत नाही. वकिलांशी तडजोडीची बोलणी करताना "मी मागे घेतो" असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही.

पुराव्याचं माप दिवाणी दाव्यापेक्षा कडक असतं, कारण समोरच्याची रोजीरोटी पणाला लागलेली असते. शंकेला जागा राहिली तर तिचा फायदा वकिलांना जातो.

तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात निकाल लागला नाही तर कलम ३६-ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत पाळायला पुन्हा बजावलं. वर्ग झालेली सुनावणी दिल्लीच्या हाताखाली जाते, तेव्हा दहाव्या महिन्यापासूनच कार्यालयात लेखी चौकशी करत राहा.

निकाल आणि त्यानंतरचे साठ दिवस

समितीला चार गोष्टी करता येतात: तक्रार फेटाळणं, ताकीद देणं, ठराविक काळ निलंबित करणं, किंवा यादीतून नाव काढणं. निलंबनाच्या काळात त्या वकिलांना भारतात कुठल्याच कोर्टात उभं राहता येत नाही. कलम ३५ मध्ये भरपाई देण्याचा अधिकार नाही, तक्रारीचा खर्च मात्र समिती देऊ शकते किंवा तुमच्यावर बसवूही शकते.

निर्णय पटला नाही तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे ६० दिवसांत अपील, तिथूनही समाधान झालं नाही तर पुन्हा ६० दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालयात. हा हक्क वकिलांना आहे तसाच तुम्हालाही. नुसतं अपील केलं म्हणून शिक्षा थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. तेव्हा निलंबित वकील "माझं अपील चालू आहे" म्हणत कोर्टात दिसले तर स्थगितीचा आदेश विचारा. हे ६० दिवस आदेश तुम्हाला कळवल्यापासून मोजतात, म्हणून ज्या पाकिटातून तो आला ते पाकीट टपालाच्या शिक्क्यासकट त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.